प्रकाशाच्या घाटातला बँकर

नामाभाऊ बडेकरांनी प्रकाशापेक्षा जास्त वेगानं जायची जी पद्धत शोधून काढली, तिच्यात यानाला एक इंजिन पुढे लागतं, दोन मागे लागतात, आणि मागची दोन अर्ध्या वाटेतून परत येतात. पद्धत चुकीची आहे. मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि प्रकाशापेक्षा वेगानं काहीही जात नाही, हे दरवर्षी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारल्या. तरीही दहिवलीच्या आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकात ही पद्धत मीच छापली, आणि छापता छापता तिची वाट लावली तीही मीच.

नामाभाऊ पळसदरीचे. घर रुळांना इतकं लागून की मांडणीवरची भांडी कशी वाजतात त्यावरून सोनुवहिनी, म्हणजे त्यांची बायको, मालगाडी आहे की मेल ते सांगतात. नोकरी कर्जतला, बँकरवर ड्रायव्हर. कर्जत सोडलं की पुढे घाट लागतो, आणि तो एकट्या इंजिनाला झेपत नाही. म्हणून कर्जतला गाडीच्या मागून आणखी इंजिनं जोडतात, त्यांना बँकर म्हणतात. ती गाडीला ढकलत लोणावळ्यापर्यंत नेतात. तिथे त्यांना सोडवतात, गाडी पुण्याकडे निघून जाते आणि बँकर रिकामे खाली येतात. नामाभाऊंनी हे अठ्ठावीस वर्षं केलं. या काळात त्यांनी समोर जे पाहिलं ते म्हणजे शेवटच्या डब्याची पाठ आणि तिच्यावरची पिवळी फुली. लोणावळ्याच्या पुढे ते दोनदा गेले, दोन्ही वेळा लग्नाला, आणि दोन्ही वेळा जेवून परत.

त्यांची एक सवय होती. घाट उतरून रिकामं इंजिन पळसदरीला आलं की ते शिटी द्यायचे, एक लांब, दोन आखूड. ही शिटी रेल्वेच्या कुठल्याही पुस्तकात नाही आणि साहेबाच्या कानावर गेली असती तर लेखी खुलासा द्यावा लागला असता. तिचा अर्थ एवढाच की मी परत आलो, भात टाक. पुढे कर्जतला इंजिन द्यायचं, सही करायची, स्कूटरवरून घरी यायचं, यात भात व्हायचा. त्यांचा मुलगा नीलेश त्याच शिटीला अवांतर पुस्तक गादीखाली सारून भूगोल उघडायचा. हे मला ठाऊक आहे, कारण ती पुस्तकं आमच्या वाचनालयाची असायची आणि गादीखालून आल्यासारखी परत यायची.

नीलेश माझा विद्यार्थी. हुशार होता, आणि उलट बोलायची खोड होती. प्रकाशाच्या वेगाचा धडा झाला तेव्हा त्यानं हात वर करून विचारलं होतं, "बाई, एकट्यानं जमत नसेल, पण कुणी मागून ढकललं तर?" मी त्याला खाली बसवलं. वर्ग हसला.

नऊ वर्षांपूर्वी नीलेशला रेल्वेत असिस्टंट ड्रायव्हरचं पत्र आलं. नामाभाऊंनी देवापुढे पेढे ठेवले. नीलेशनं त्याच दिवशी सांगितलं की तो बेंगळुरूला जाणार, उपग्रहांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत. शब्दाला शब्द वाढला. शेवटी तो म्हणाला, "तुमी जन्मभर लोकांना वर ढकललंत नि रिकामे मागं आलात. मला मागं यायचं नाय."

नामाभाऊ म्हणाले, "मग येऊ नको."

दोघंही शब्दाचे पक्के निघाले, हेच वाईट झालं. नीलेश आईला दर रविवारी फोन करतो. फोन चालू असेतो नामाभाऊ टीव्ही बंद करतात आणि चष्मा पुसत बसतात. वहिनी म्हणतात, चष्म्याच्या काचा पार झिजल्या.

रिटायर झाल्यावर नामाभाऊ वाचनालयाचे सभासद झाले. मी तिथे मानद ग्रंथपाल आणि अंकाची संपादक, म्हणजे झाडण्यापासून सगळं. ते अंतराळाच्या कादंबऱ्यांच्या कपाटाशी उभे राहायचे, एकेका पुस्तकाचं शेवटचं पान उघडायचे, काही परत ठेवायचे आणि एक घेऊन यायचे. निवड कशावर चालते ते कळायला मला तीन महिने लागले. शेवटच्या पानावर चिकटवलेल्या चिठ्ठीत पुस्तक कोणत्या सभासदानं कधी नेलं ते लिहिलेलं असतं. ज्या चिठ्ठीवर दोनशे बारा आकडा होता, तेवढीच पुस्तकं ते नेत होते. दोनशे बारा म्हणजे नीलेश. तारखांचा क्रमसुद्धा त्यांनी सोडला नव्हता.

अशा पुस्तकांत ताऱ्यांवर जायच्या नाना युक्त्या असतात, कारण सरळ गेलं तर नायक म्हातारा होतो. पुस्तक परत करताना नामाभाऊ त्यातल्या युक्तीवर निकाल द्यायचे.

"ह्यात अवकाशाला बोगदा पाडलाय, बाई. इकडून घुसला की तिकडं दुसऱ्याच सूर्यापाशी."

"हो, ती कल्पना बरीच वापरतात."

"पाडला कोनी? आपल्या घाटातले बोगदे पाडताना किती मानसं गेली. ह्यात एक पन मजूर नाय."

दुसऱ्या एका पुस्तकात अवकाश कागदासारखं दुमडलं होतं. त्यावर त्यांचं म्हणणं, दुमडलं की घडीचा मोड राहणार, आणि मोडावर गाडी रुळांवरून उतरणार. तिसऱ्यात यानाभोवती अवकाशाचाच बुडबुडा होता, आत बसलेल्याला हालल्याचंही कळत नव्हतं. "बुडबुड्याला ब्रेक कुठं लावतात?" हे त्यांनी मला इतकं गंभीरपणे विचारलं की मी पुस्तक उघडून शोधलं. ब्रेक नव्हता. चौथ्यात कप्तान बटण दाबतो आणि यान उडी मारून पलीकडे. ते पुस्तक त्यांनी अर्धंच वाचलं. बटण दाबून घाट चढणाऱ्यांबद्दल त्यांना बोलायचंच नव्हतं.

आणि एक दिवस त्यांनी मला विचारलं, "बाई, उजेडाच्या वेगाजवळ गेलं की नेमकी अडचन काय येते?"

मी सांगितलं. जसजसं जवळ जावं तसतसं यान जणू जड होत जातं. जितकं जड, तितकी ताकद जास्त लागते. शेवटी कितीही ताकद लावली तरी पुरत नाही.

"म्हंजे चढ हाय," नामाभाऊ म्हणाले. "मग एवढं काय त्यात? बँकर लावा."

पुढच्या महिन्यात त्यांनी दोनशे पानी वही आणून दिली. त्या वहीतली कथा अशी. नेपच्यूनच्या पुढे एक जंक्शन आहे. ताऱ्यांकडे निघालेलं प्रत्येक यान तिथे आठ मिनिटं थांबतं आणि मागून दोन बँकर जोडले जातात. बँकरवाला पुढच्या कप्तानाला ओळखत नाही. त्याला यानाची पाठ दिसते, तिच्यावर पिवळी फुली. तो ढकलतो. यान जड होतं, तो आणखी ढकलतो. प्रकाशाचा घाट संपतो तिथे बँकर सोडवतात. यान निघून जातं. तो परत येतो. पुढची अकरा पानं परतीचीच आहेत, त्यांतली साडेतीन ब्रेक तपासण्याची.

"पण यान पोचलं कुठे?" मी विचारलं.

"मला काय ठाव, बाई? मी तर परत आलो."

"वाचकाला तेच हवं असतं, नामाभाऊ. तारा, ग्रह, तिथली माणसं."

"तसला वाचक नको मला." मग जाता जाता त्यांनी विचारलं, "अंक बेंगळुरूला जातो ना?"

बाहेरगावी गेलेल्या जुन्या सभासदांना आम्ही अंक टपालानं पाठवतो. यादीत नीलेश आहे. कथेला शेवट नाही म्हणून मी तीन वर्षं ती परत केली, आणि तीन वर्षं त्यांनी दारात तोच प्रश्न विचारला. मला का कळत नव्हतं? कळत होतं. पण संपादकपणा अंगात भिनला की माणसाला शेवट नसलेली कथा दिसते, समोर उभा असलेला बाप दिसत नाही.

यंदा त्यांनी वही टेबलावर ठेवली आणि हात काढला नाही. म्हणाले, "बाई, मला पासष्ट झाली. पोराला फोन करायला तोंड नाय माझ्याकडं. जे बोलायचं ते ह्यात लिवलंय. त्यानं एकदा वाचावं, बाकी कोनी नाय वाचलं तरी चालंल. यंदा छापा."

एवढं स्पष्ट बोलल्यावर नाही कशी म्हणणार? मी होकार द्यायला मुद्दाम पळसदरीला गेले. नामाभाऊ शेतावर होते. सोनुवहिनींनी चहा टाकला आणि नवऱ्याच्या तक्रारी सुरू केल्या.

"शिटीचं काय सांगू बाई तुमाला. अट्टावीस वर्सांत मानूस एकदाच चुकला. वर जाताना दिली शिटी! मला वाटलं उतरतायत, मी भात टाकला. ह्ये आले दोन तासांनी. भाताचा पार गिच्च गोळा. येरवी गिच्च भाताला हात लावत नाय, त्या दिशी गुमान सगळा खाल्ला."

कोणता दिवस ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी हसले, चहा प्याले, घरी आले आणि कथा संपादायला बसले.

भाषा सुधारली, ब्रेकची साडेतीन पानं दीडवर आणली. मग दोन मोठी कामं केली. कथेत बँकर सोडवायच्या आधी एका जागी बँकरवाला शिटी देतो. निर्वात पोकळीत ध्वनी प्रवास करत नाही, हे मी एकतीस वर्षं शिकवलं. माझ्या अंकात पोकळीत शिटी वाजली असती तर माझ्याच विद्यार्थ्यांनी मला पत्रं पाठवली असती. शिटी काढली. आणि शेवटी दोन पानं स्वतःची घातली. त्यांत यान एका निळ्या ग्रहावर उतरतं, नद्या खळाळतात, कप्तान मागे वळून बँकरच्या दिशेनं हात जोडतो. लिहिताना माझेच डोळे भरून आले. आपलं लिखाण वाचून आपलेच डोळे भरून आले की समजावं, काहीतरी घोटाळा झालाय. मला समजलं नाही.

अंक आला. नामाभाऊंनी वाचनालयात उभ्या उभ्या कथा वाचली. एकेचाळिसाव्या पानाशी थांबले. एक पान मागे गेले, पुन्हा पुढे आले. निळ्या ग्रहापर्यंत पोचले आणि अंक मिटला.

"कागद चांगला हाय," ते म्हणाले आणि गेले. पुढचे पंधरा दिवस आलेच नाहीत. मला रागच आला. एवढी मेहनत घ्यावी आणि कागदाचं कौतुक ऐकावं.

मग एका संध्याकाळी बेंगळुरूहून फोन आला.

"बाई, मी नीलेश. पळसदरीचा."

"अरे! अंक मिळाला?"

"मिळाला. पान एकेचाळीस काढा." इतक्या वर्षांनी फोन, आणि ना कशा आहात, ना काही. खोड तशीच होती. "बँकर सोडवायची जागा जवळ आली, त्याने हात वर नेला, असं आहे. पुढचं वाक्य, यान निघून गेले. हात वर कशाला नेला?"

मी पान पाहिलं. खरंच. शिटी काढताना तो हात काढायचा राहून गेला होता.

"तिथं शिटी होती ना, बाई?"

"होती," मी म्हटलं. "पण पोकळीत ध्वनी—"

"जात नाही. तुम्हीच शिकवलंत. आणि शेवटची दोन पानंही बाबांची नाहीत. निळा ग्रह बाबांना सुचणार नाही. शिटी कशी होती?"

"म्हणजे?"

"किती लांब, किती आखूड?"

मी वही शोधली. सापडेपर्यंत त्यानं फोन ठेवला नाही. मूळ वाक्यं वाचून दाखवली. "त्याने हात वर नेला आणि एक लांब, दोन आखूड अशी शिटी दिली. ही शिटी तो फक्त घरी परतताना देत असे. आज जाताना दिली. पुढे बसलेल्यांना ऐकू गेली का, ते त्याला कळले नाही."

मग नीलेश बोलायला लागला, आणि बोलता बोलता गावचं बोलू लागला.

"मी गेलो तेव्हा शेवटच्या डब्यात होतो, बाई. जनरल. दाराशी उभा. मागं बँकर चिकटलेलं. त्यावर कोण हाय ते मला ठाव नव्हतं. पळसदरी आली तेव्हा मी मुद्दाम घराकडं बघितलं नाय. तेवढ्यात मागून शिटी आली. एक लांब, दोन आखूड. पाठीतच बसली. मला वाटलं, बाबांची सवय हाय, चुकून वाजली असंल. किंवा दुसराच कोनी असंल. नऊ वर्सं मी तेच धरून बसलोय की चुकून वाजली."

मला सोनुवहिनींचा भात आठवला. माझ्या हातातली वही जड झाली, आणि त्याला विज्ञानात काही कारण नाही. नामाभाऊंनी नऊ वर्षं जो एक निरोप सांभाळून ठेवला होता, तो मी लाल पेनानं खोडला होता, आणि वर समासात लिहिलं होतं, अशास्त्रीय.

"ते पान पाठवाल?" नीलेशनं विचारलं. मी फोटो काढून पाठवला. माझ्या लाल रेघेसकट. दोन खुणा निळ्या झाल्या. उत्तर आलं नाही.

मी छापखान्यात जाऊन शुद्धिपत्रकाच्या चिठ्ठ्या छापून घेतल्या. "पान ४१ वरील शिटी संपादिकेने काढली होती, ती परत घातली आहे. शेवटची दोन पाने लेखकाची नाहीत. यान कुठे पोचले ते लेखकाला माहीत नाही." छापणाऱ्यानं दोनदा वाचलं आणि विचारलं, बाई, हे असंच छापायचं का?

त्या रविवारी सकाळी चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन मी पळसदरीला गेले. नामाभाऊ ओटीवर भाताची पोती मोकळी करून ठेवत होते. मी चिठ्ठी पुढे केली आणि माफी मागितली. एकतीस वर्षं मास्तरकी केलेल्या बाईला माफी मागायची सवय नसते, त्यामुळे ती जरा तासासारखी लांबली. नीलेशच्या फोनचं मात्र मी बोलले नाही. तो निरोप त्यांच्या दोघांचा होता, पुन्हा त्यात हात घालायची हिंमत नव्हती.

नामाभाऊंनी चिठ्ठी वाचली. "शिटीला तुमचं म्हननं काय होतं?"

"पोकळीत आवाज जात नाही, नामाभाऊ."

"जात नाय ते मला ठाव हाय, बाई. कादंबऱ्यांत वाचलं की." त्यांनी चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवली. "तरी मारायची असती."

सोनुवहिनींनी चहा आणला. त्यांचा फोन खिडकीत पडला होता. तो वाजला. वहिनी हात पुसत जाईपर्यंत बराच वेळ वाजला आणि थांबला. परत वाजला, एकदाच, आणि तुटला. परत एकदा, आणि तुटला.

वहिनी फोनपाशी उभ्या होत्या. नामाभाऊंच्या हातातलं पोतं तसंच लोंबत होतं. बाहेर रुळांवर काही नव्हतं.

"कोन हाय गं?" नामाभाऊंनी विचारलं.

"कोनी नाय," वहिनी म्हणाल्या. आवाज ताळ्यावर नव्हता. "भात टाकते."

नामाभाऊंनी पोतं खाली ठेवलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, आणि अठ्ठावीस वर्षं केलेला हिशेब एकदा ओठांतल्या ओठांत केला. "पुढं बोगद्यांत रेंज नाय. म्हंजे फोन खंडाळ्यावरनं केला. कर्जतला पाऊन तास. तिथनं रिक्षा." ते उठले, खुंटीवरचा इस्त्रीचा शर्ट काढला, घातला, आणि बटणं एक घर चुकवून लावली.

वहिनी तांदळाच्या डब्यात हात घालून थांबल्या. "लई लवकर टाकला तर गिच्च व्हईल वो."

"होऊ दे," नामाभाऊ म्हणाले. "टाक तू."